ओढ्याचे पाणी कोठे अडते?

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



महापूर म्हटला की आपल्या कृष्णा-वारणाकाठच्या माणसाला तीन साले आठवतात : २००५, २०१९ आणि २०२१. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तेथे ४० फुटांना इशारा देतात आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. म्हणजे धोक्याच्याही वर बारा फूट पाणी! या तिन्ही सालांवर पुष्कळ बोलून झाले आहे. अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याचा वादही आपण सारे जाणतो. तो जेथे लढायचा तेथे लढला जाईल. या लेखात त्याबद्दल लिहिणार नाही.

हा लेख दुसऱ्या पुराबद्दल आहे. या पुरात नदी आपल्या पात्रातच असते. वर्तमानपत्रात बातमी येत नाही, पंचनाम्याला कोणी फिरकत नाही, पुढारी होडीत बसून येत नाहीत. पण दोन दिवस संततधार लागली की ओढ्याकाठच्या फडात गुडघाभर पाणी उभे राहते आणि आठ-आठ दिवस हलत नाही. आडसालीची लागण कुजते, डोळे मरतात, नांग्या भरून भरून माणूस थकतो. मग गळिताच्या वेळी टनेज का उतरले याचा शोध तो खताच्या पोत्यात घेत बसतो. हे पाणी आभाळातून पडले हे खरे, पण ते फडात थांबवले कुणी? बहुतेक ठिकाणी ते आपणच थांबवलेले असते, हे स्पष्ट लिहिणे भाग आहे.

उपयोग किती, आणि किती नाही

गट सभेत हा विषय काढला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी सरळच विचारले, "साहेब, नदीच वर चढल्यावर ओढा साफ केला काय आणि न केला काय, उपेग काय त्याचा? पाणी उलटंच येतंय की!"

आबांचा प्रश्न रास्त आहे, त्याला गुळमुळीत उत्तर देऊन चालणार नाही. नदीची पातळी ओढ्याच्या तोंडापेक्षा वर गेली की ओढ्याचे पाणी जागच्या जागी थांबते आणि मग नदीच ओढ्यातून मागे चढू लागते. यालाच आपण फुगवटा म्हणतो. त्या दिवसांत ओढा कितीही रुंद असला तरी महापूर एका इंचाने कमी होणार नाही. ओढे साफ केले म्हणजे महापूर टळतो असे कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मग उपयोग केव्हा? एक म्हणजे नदी चढण्याच्या आधी. मोठे पूर बहुधा म्हाताऱ्या पावसात आणि आश्लेषांत, म्हणजे जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत येतात. वर सांगितलेले तिन्ही पूर याच दिवसांतले. त्याआधी मृग, आर्द्रा आणि तरण्या पावसाचे पाणी शेतातून निघून गेलेले असेल तर जमिनीत थोडी तरी पोकळी उरते. ते तुंबून राहिले असेल तर नदीचे पाणी येण्याआधीच फड अर्धा बुडालेला असतो. दुसरे म्हणजे ज्या सालात नदी पात्राबाहेर पडतच नाही त्या साली. अशी सालेच जास्त असतात, पण आपल्या लक्षात मात्र महापुराची साले राहतात. तिसरी वेळ सर्वांत महत्त्वाची. नदी उतरू लागली म्हणजे फडातले पाणी किती दिवसांत बाहेर पडते, यावर उसाचे जगणे-मरणे ठरते.

ऊस हे तसे चिवट पीक आहे. शेंडा पाण्याच्या वर राहिला आणि पाणी हलते असले तर ऊस काही दिवस तग धरतो. कांड्यांवर पांढऱ्या मुळ्या फुटतात, त्या त्याच्या धडपडीच्या खुणा समजाव्यात. पण शेंडा बुडाला, पोंग्यात गाळ शिरला आणि वर ऊन पडले की पोंगा कुजू लागतो. शेंडा मेला की बाजूच्या डोळ्यांतून पांगशा फुटतात आणि कांडीत साठलेली साखर त्या फुटव्यांना खर्च होते. असा ऊस वजनाला भरला तरी उताऱ्याला मार खातो. कोवळ्या लागणीची गोष्ट तर विचारूच नका. आडसालीची टिपरी जुलै-ऑगस्टात मातीखाली असते आणि साचलेल्या पाण्यात डोळ्याला हवा मिळत नाही. म्हणून पाणी चौथ्या दिवशी निघाले की दहाव्या, यात पिकाचा फरक आहे. नदी दोघांनाही सारखीच बुडवते. ज्याचा ओढा वाहता असतो त्याचे शेत आधी उघडे पडते.

थोडे गणित करू

एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी पडले. हा आकडा पाठ करून ठेवण्यासारखा आहे.

समजा, एका ओढ्याला एक हजार एकरांचे पाणी येते. आपल्याकडे असा ओढा लहानच म्हणायचा. एका दिवसात चार इंच पाऊस झाला तर त्या हजार एकरांवर चाळीस कोटी लिटर पाणी पडले. श्रावणात जमीन आधीच भिजलेली असते, तेव्हा त्यातले निम्मे वाहून निघते असे धरू. हे वीस कोटी लिटर बारा तासांत बाहेर जायचे असेल तर ओढ्यातून सतत १६० क्युसेकच्या आसपास पाणी वाहिले पाहिजे. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट.

एवढे पाणी नेण्यास ओढा केवढा हवा? तळाशी चार फूट, वर सोळा फूट आणि खोली चार फूट असा ओढा घ्या. त्याचा काटछेद चाळीस चौरस फूट होतो. हजार फुटांत दोन-सव्वादोन फूट उतार असेल आणि पात्र मोकळे असेल तर पाणी सेकंदाला चार फुटांच्या वेगाने जाते. चाळीस गुणिले चार म्हणजे १६० क्युसेक. काम झाले! या मापाचे ओढे आपल्या भागात पुष्कळ आहेत. म्हणजे निसर्गाने ओढा लहान केलेला नव्हता.

आता त्याच ओढ्यात पाणकणीस आणि बेशरम माजू द्या. पाण्याचा वेग निम्म्यावर येतो, तेव्हा ८० क्युसेक. तळाशी दीड-दोन फूट गाळ बसू द्या, काटछेद आणखी घटतो. आणि मग त्याच्या मध्यावर दोन फुटी दोन पाइप टाकून वर मुरूम भरा. दोन फुटी पाइपचे तोंड सव्वातीन चौरस फुटांहूनही कमी असते. पाणी सेकंदाला पाच फुटांच्या वेगाने ढकलले तरी एका पाइपातून पंधरा-सोळा क्युसेक, दोन्ही मिळून फार तर तीस-एकतीस. येतात १६०, जातात ३०. उरलेले १३० क्युसेक कोठे जाणार? ते भरावाच्या वरच्या अंगाला जे फड आहेत त्यांत जाणार. त्या फडाचा मालक कोण आहे हे पाण्याला ठाऊक नसते.

तोडीची वाट आणि तुंबलेला ओढा

हे भराव पडतात कशासाठी? आपल्याच तोडीसाठी. फड ओढ्यापलीकडे असतो, रस्ता अलीकडे. टोळी दारात येऊन उभी राहते, ट्रॅक्टर-ट्रॉली वाट बघत असते, स्लिपबॉय घाई करतो. मग एका रात्रीत चार ट्रॉली मुरूम पडतो, घरात पडून असलेले दोन पाइप खाली जातात, ऊस निघतो. येथवर कुणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. ऊस फडात वाळवून चालत नाही. पण मार्चमध्ये फड संपतो, टोळी गावाकडे जाते, आणि भराव मात्र तेथेच राहतो. "पुढल्या साली लागणारच की," असे म्हणून तो राहतो. पुढल्या साली त्यावर आणखी मुरूम पडतो. तिसऱ्या साली त्याला गावात रस्ता म्हणू लागतात.

तेव्हा यापुढे तात्पुरता भराव तात्पुरताच ठेवावा. ज्यांनी तोडीसाठी ओढ्यात भराव टाकला त्यांनी फड संपल्यावर तो मुरूम काठावर ओढून ठेवावा, पाइप बाजूला काढावेत. एका जेसीबीचे ते तास-दीड तासाचे काम असते, आणि चार खातेदारांत खर्च वाटला तर कुणाच्या डोईवर येत नाही. मुरूम वाया जात नाही, पुढल्या हंगामात तोच वापरता येतो.

जेथे कायमची वाट हवीच आहे तेथे दगडी फरशी सर्वांत चांगली. पात्राच्या तळाला धरून फरसबंदी करावी, पावसाळ्यात पाणी तिच्यावरून जाऊ द्यावे. दोन-चार दिवस वाट बंद राहील, पण ओढा बंद राहणार नाही. नळेच घालायचे असतील तर मोठे घालावेत. व्यास दुप्पट केला की तोंड चौपट होते. दोन फुटी आठ नळ्यांचे जेवढे तोंड, तेवढेच चार फुटी दोन नळ्यांचे. शिवाय पाचटाचा लगदा अडकतो तो लहान तोंडात. वरच्या हिशेबाच्या ओढ्याला चार फुटी तीन नळे लागतील. ते परवडत नसतील तर फरशीच बरी.

याच जातीची दुसरी अडचण बरग्यांची. ओढ्यांवर कोल्हापूर पद्धतीचे लहान बंधारे आहेत. पावसाळा संपल्यावर बरगे घालायचे आणि पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी काढायचे, ही त्या बंधाऱ्याची मूळ पद्धत. उन्हाळ्यात पाणी राहावे म्हणून शेवटपर्यंत बरगे काढू देत नाहीत, आणि मग मृगाचा पहिला लोंढा आला की ते हाताने निघत नाहीत. वरून पाचट आणि झाडोरा येऊन बसला की तो बंधारा राहत नाही, धरण होते. प्रत्येक बंधाऱ्याचे बरगे काढण्याची जबाबदारी नावानिशी ठरलेली असावी. मेअखेर ती तारीख समजावी. बरगे काढून ठेवायचे तेही उंचावर, नाहीतर वाहून जातात किंवा चुलीत जातात.

दर साली एक सरी

ओढा अरुंद होतो तो कुणी एका दिवसात करत नाही. बांधाला लागून नांगर दर साली हातभर पुढे सरकतो. आधी काठावरची हरळी जाते, मग करंज-उंबराचे एखादे झाड जाते, मग काठ ढासळतो म्हणून त्यावर माती लोटली जाते. पाच-सहा वर्षांत दोन सऱ्या वाढलेल्या असतात. समोरचाही तेच करतो. "त्यांनी केलं, मग आम्ही का मागं राहायचं?" हे उत्तर ठरलेले.

या दोन सऱ्यांचाही हिशेब करू. साडेचार फुटी दोन सऱ्या, लांबी तीनशे फूट. क्षेत्र होते अडीच गुंठे. एकरी पन्नास टनाने धरले तर तीन टन ऊस. त्या तीन टनांतला निम्मा तर काठ ओलसर असल्याने लोळतो, उंदीर खातात. आणि त्यापायी वरच्या अंगाच्या भाऊबंदाची चार-पाच एकर लागण पाण्यात बसते. पुढे तोच भाऊबंद आपल्या खालच्या अंगाला असतो तेव्हा तो काय करील हे सांगायला नको.

शेतातल्या सामाईक चराचीही हीच गत. दोन खातेदारांच्या मध्ये पूर्वी दोन फुटी चर असे. त्यातून दोघांचे पाणी ओढ्याला जाई. आज तो चर बांधात गेला, बांध सरीत गेला. ज्यांचा चर शिल्लक आहे त्यांनी दर उन्हाळ्यात तो साफ करावा आणि त्याचे तोंड ओढ्यात जेथे उघडते तेथे दगड बसवावेत किंवा पाइपचा तुकडा टाकावा. नुसती माती उघडी ठेवली तर तेथून घळ पडत शेतात आत येते आणि तीच माती ओढ्यात गाळ म्हणून बसते.

पाचट ओढ्यात लोटू नये, हे लिहावे लागते याचे वाईट वाटते. पण खोडव्याच्या फडाच्या कडेने बघा, काय दिसते? पाचट, वाढ्याचे तुकडे, जुन्या ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचा कागद, खताची पोती. पाइपच्या तोंडाला बुच मारायला याहून चांगला माल मिळायचा नाही. पाचट सरीतच ठेवावे. एक टन पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकून ओलावा ठेवला की पावसाळ्यापर्यंत ते बसते आणि जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढतो. ठिबकच्या नळ्या भंगारवाला घेतो.

साफ करताना

पहिला नियम, काम तोंडाकडून वर न्यावे. म्हणजे ओढा नदीला जेथे मिळतो तेथून सुरुवात, मग एकेक गट वर. बहुतेक वेळा उलटे घडते. वरच्या गावात उत्साह असतो, जेसीबी मिळतो, वरचा मैलभर ओढा चकाचक होतो आणि पहिल्या मोठ्या पावसात सारे पाणी धावत येऊन खालच्या न साफ केलेल्या भागात थडकते. वरच्याने साफ केले म्हणून खालच्याचा फड बुडाला, अशी भांडणे मग चावडीत येतात. खालच्यांची तयारी नसेल तर वरच्यांनी आधी त्यांना बोलवावे, हवे तर थोडा खर्च सोसावा, पण क्रम सोडू नये.

काढायचे काय? तळातला गाळाचा उंचवटा, पाणकणीस, बेशरम, जलपर्णी, आडवी पडलेली झाडे, वेडी बाभूळ. ठेवायचे काय? काठावरची हरळी आणि लव्हाळा, करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज. या मुळ्यांनी काठ धरलेला असतो. जेसीबीवाल्याला तासाचे पैसे मिळतात, तो दोन्ही काठ खरवडून काढतो आणि ओढा दिसायला फार देखणा होतो. पहिल्या पुरात तेच काठ ढासळून तळात येतात. काम एकाच काठावरून करून घ्यावे, दुसऱ्या काठाला हात लावू नये. काळ्या जमिनीत काठ उभा तासू नये. एक फूट खोलीला दीड फूट बाहेर असा उतार द्यावा.

ओढ्याची वळणे सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये. वळण पाण्याचा वेग धरते. ते कापले की आपल्यापुरते पाणी लवकर जाते, पण खालच्या वळणावर काठ तुटतो. तसेच मूळ तळाच्या खाली खोदू नये. जत-आटपाडीकडे पाणी जिरावे म्हणून नाला खोलीकरण करतात, तेथे त्याचा हेतू वेगळा. आपल्या नदीकाठच्या सपाट, काळ्या जमिनीत मध्येच पाच फूट खोल खड्डा केला तर तो वाहत नाही. तेथे डबके होते आणि डास होतात. आपल्याला सलग उतार हवा. उतार बघायला मोठे यंत्र लागत नाही. गवंडी वापरतो ती पारदर्शक नळी पाण्याने भरून दोन काठ्यांना बांधली की शंभर-शंभर फुटांवर पातळी घेता येते.

काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवणे ही सर्रास दिसणारी गोष्ट. तो पहिल्या पावसात परत आत येतो. काठापासून निदान पाच-सहा फूट दूर टाकावा आणि त्याचा सलग बांध होऊ देऊ नये, नाहीतर शेताचे पाणी ओढ्यात उतरायलाच जागा राहत नाही. मुरमाड रानात हा गाळ चांगला. मात्र आजूबाजूला जमिनी क्षारपड असतील तर गाळाचा नमुना माती परीक्षणास देऊन मगच शेतात पसरावा, क्षार विकत घेतल्यासारखे व्हायला नको. गाळ-मुरूम विकण्याचा विचार असेल तर त्यास गौण खनिजाची परवानगी लागते, हेही ध्यानात असावे.

क्षारपड जमिनीचा विषय निघालाच आहे म्हणून. मिरज, शिरोळ, वाळवा या भागांत जमिनी खारावल्या त्या जादा पाण्याने आणि निचरा नसल्याने. आता पुष्कळ सभासद जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करून घेतात. कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्राने या पद्धतीवर काम केले आहे, आणि पद्धत चांगली आहे. पण त्या पाइपांचे पाणी शेवटी जाते कोठे? ओढ्यातच. ओढ्याचा तळ गाळाने वर आला आणि पाइपचे तोंड पाण्याखाली गेले की एकरी एवढा पैसा घालून पुरलेला पाइप मुका होतो. पाइप टाकण्याआधी ओढ्याच्या तळाची पातळी बघावी. आधी ओढा, मग पाइप. हा क्रम उलटा केलेले शेतकरी आपल्याच कार्यक्षेत्रात आहेत.

कायदा काय म्हणतो

ओढा कुणाचा, यावर पारावर पुष्कळ चर्चा होते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले यांची पात्रे आणि वाहते पाणी ही शासनाची मालमत्ता आहे. तेव्हा काठावर गट नंबर आपला असला तरी पात्र आपले होत नाही. गाव नकाशात ओढा दाखवलेला असतो. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणी मागावी, काठीने मोजून भांडू नये.

शेजाऱ्याने बेकायदा भराव घालून शेतातून नैसर्गिकपणे वाहून जाणारे पाणी अडवले आणि त्याने पिकाची हानी होत असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो आणि ते अडथळा काढण्याचा हुकूम देऊ शकतात. दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. जूनमध्ये भराव घातला आणि आपण पुढच्या पावसाळ्यात जागे झालो तर मुदत गेलेली असते.

हे माहीत असावे म्हणून लिहिले. पण ज्या ओढ्यावर दावे लागले तो ओढा सहसा साफ झालेला दिसत नाही. तारखा पडत राहतात आणि पाणकणीस वाढत राहते. त्यापेक्षा दोन्ही काठांच्या खातेदारांची एक यादी करावी, एखाद्या रविवारी सर्वांनी मिळून तोंडापासून वरपर्यंत ओढा चालत जावे आणि प्रत्येक अडथळ्यापाशी थांबून तो कुणी, केव्हा काढायचा ते तेथल्या तेथे ठरवावे. ज्याचा भराव आहे तो समोर उभा असतो, मागे बुडणारा फडही समोर दिसतो. घरी बसून "बघू की" म्हणता येते, तेथे तसे म्हणणे जरा अवघड जाते. घरातल्या बायामाणसांनाही बरोबर न्यावे. भांगलणीला जाणाऱ्या बाईला पाणी कोठे किती दिवस साचते हे मालकापेक्षा जास्त ठाऊक असते.

खर्चाची वाटणी काठाच्या लांबीवर न करता ज्या क्षेत्राचे पाणी ओढ्याला येते त्या क्षेत्रावर करावी, असे आमचे मत आहे. काठापासून लांब असलेल्यांना हे आवडणार नाही. पण त्यांच्याही शेताचे पाणी याच ओढ्यातून जाते, आणि त्यांनी चर मोकळा ठेवला नाही तर त्यांच्याही सऱ्या भरतातच.

कामाचा काळ फड संपल्यापासून मृग निघेपर्यंत, म्हणजे एप्रिल आणि मे. पहिला दमदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा फेरी मारावी. पाणी कोठे थबकते आणि कचरा कोठे बसतो हे त्या दिवशी जेवढे कळते तेवढे कोरड्या ओढ्यात कळत नाही. पूर येऊन ओसरू लागला की पहिले काम ओढ्याच्या तोंडाशी. नदी उतरताना तेथे गाळाचा आडवा थर टाकून जाते आणि आतले पाणी कोंडते. तो थर फावड्याने फोडून दिला तर पाणी आपली वाट आपण मोठी करते. मात्र पाणी जोरात असताना एकट्याने उतरू नये. गाळात पाय अडकतो, दोर आणि दोघे-तिघे बरोबर असावेत.

ज्या गटांना ओढ्याची पातळी घ्यायची आहे त्यांनी ओढ्याचे नाव, गावे आणि दोन्ही काठांच्या खातेदारांची यादी मार्चअखेर गट ऑफिसला द्यावी. डंपी लेव्हल आणि माणूस ऊस विकास विभागाकडून येईल. एप्रिलचा पहिला पंधरवडा नदीलगतच्या गटांसाठी आणि दुसरा वरच्या गटांसाठी ठेवला आहे.